पाच मिनिटांचे अंतर

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मी आजवर विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना आणि विशेषतः निरनिराळ्या समित्यांना उद्देशून किती वेळा वापरली असेल, याची गणती नाही. परंतु एखाद्या समाजाने या म्हणीतला विनोद बाजूस ठेवून तीतला प्रश्न तेवढा मनावर घेतला, तर काय होते, हे पाहण्याचा योग मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आला. आणि तोही इंग्लंडमधल्या एका लहानशा गावी, माझ्या मुलीच्या घरी.

मुलगी तेथे दहा वर्षे राहत आहे. गावातल्या औषधांच्या दुकानात ती काम करते. एके दिवशी सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, “बाबा, मी बंबावर जायचं ठरवलंय.”

माझ्या पिढीच्या मनुष्यास बंब म्हटला की प्रथम न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो. त्यावर जावयाचे म्हणजे काय, हे मला कळेना. “आगीच्या बंबावर,” ती हसून म्हणाली. “अर्ज भरून टाकलाय.”

त्या गावातला बंबखाना मी रोज फिरावयास जाताना पाहत असे. बाजाराच्या मागे दोन लाल दारांची एक इमारत, मागे सरावासाठी बांधलेला एक मनोरा, आणि दाराला कुलूप. आत मनुष्यमात्र नाही. या लोकांचे चालते तरी कसे, असे मला वाटे. उलगडा त्या दिवशी झाला. बंब कुलपात असतो आणि बंबवाले गावभर विखुरलेले असतात. कोणी नळ दुरुस्त करीत असतो, कोणी शाळेच्या कचेरीत बसलेला असतो, कोणी शेतावर असतो. प्रत्येकाच्या कमरेला पेजर असतो. तो वाजला की हातातले काम टाकून धावावयाचे, पुरेशी माणसे जमली की दार उघडावयाचे आणि निघावयाचे. मोठ्या शहरांतून पूर्णवेळ पगारी माणसे असतात. परंतु ज्या गावी आग महिन्यात चार-दोन वेळाच लागते, तेथे रात्रंदिवस पगारी पहारा ठेवणे परवडत नाही. म्हणून त्या देशाच्या ग्रामीण भागात बहुतेक बंब असे गावकऱ्यांच्याच भरवशावर चालतात. पूर्वी यांना ‘रिटेन्ड’ म्हणत. आता ‘ऑन-कॉल’ म्हणतात. वर्षाचे काही ठरीव मानधन, आणि प्रत्येक धावेचे व सरावाचे वेगळे पैसे. त्यावर घर चालावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

मी अर्जाचे कागद चाळू लागलो. ज्याने तीस वर्षे निवडसमित्यांवर काढली, त्याला परक्यांचे अर्ज वाचण्याचा मोह आवरत नाही. पदवीची अट नव्हती. वय अठराच्या वर असावे, एवढेच म्हटले होते. वरची मर्यादा नाही, अंगात बळ असले म्हणजे झाले. पहिलाच प्रश्न वाचून मात्र मी थबकलो. आपण काय शिकला आहात, असे त्यात विचारलेच नव्हते. आपले घर किंवा कामाची जागा बंबखान्यापासून किती मिनिटांवर आहे, एवढेच विचारले होते. त्या गावची मर्यादा पाच मिनिटांची होती. सहा मिनिटांवर राहणारा भीमसेन आला तरी त्याचा उपयोग नाही!

दुसरा प्रश्न तासांचा. आठवड्याच्या १६८ तासांपैकी कोणकोणत्या तासांना आपण गावात असाल, हे चौकटी आखून लिहून द्यावयाचे. जे तास दिले, त्या तासांत गाव सोडता येत नाही, मद्याला स्पर्श करता येत नाही, लांबच्या मैत्रिणीकडे जेवावयास जाता येत नाही. दिवसाचे तास द्यावयाचे तर मालकाची लेखी संमती हवी. मुलीच्या दुकानाच्या मालकाने दोन दिवस विचार करून सही दिली. गिऱ्हाईक समोर उभे असता ही बाई धावत सुटणार, याची ती कबुली होती. आग विझविण्यात त्याचाही वाटा आहे, असे मला तेव्हा वाटले.

मग परीक्षा. थोडे गणित, थोडे वाचून समजून घेणे, एक मुलाखत, डोळे व प्रकृती यांची तपासणी, पूर्वी काही गुन्हा केला आहे काय याची चौकशी. हे सारे ठीकच. पण अंगमेहनतीच्या कसोट्या ऐकून माझ्या पोटात गोळा आला. उंच शिडीवर चढावयाचे, पायाची अढी घालून दोन्ही हात सोडावयाचे, आणि खाली उभा असलेला अधिकारी जी खूण दाखवील ती ओळखून सांगावयाची. डोळ्यांपुढे अंधार करणारा मुखवटा घालून अरुंद बोगद्यातून सरपटत जावयाचे. वीस मीटरांवरच्या दोन रेषांमध्ये वाढत्या वेगाच्या इशाऱ्याबरोबर धावत राहावयाचे. आणि ५५ किलो वजनाचा पुतळा काखेत धरून, उलट्या पावलांनी, तीस मीटर ओढावयाचा. तो ४१ सेकंदांच्या आत.

या शेवटच्या कसोटीच्या सरावासाठी घरात पुतळा नव्हता. मी होतो. पुतळ्याहून सात किलोंनी जड आहे, ही माझी तक्रार कोणी ऐकली नाही. घरामागच्या हिरवळीवर मुलीने मला पाठीमागून काखेत धरले आणि ओढीत नेले. माझे जोडे गवतात दोन रेघा काढीत होते आणि शेजारचा म्हातारा कुंपणावरून टाळ्या वाजवीत होता. जिला मी पर्वतीच्या पायऱ्या खांद्यावर बसवून चढवीत असे, ती आज मला ओढीत होती, आणि तिला विशेष धापही लागली नव्हती. हसता हसता माझ्या मनात आले, की असेच एखाद्या रात्री ती कोणा अनोळखी मनुष्याला ओढून काढील. आणि त्या घराला त्या वेळी भिंती असतील आणि छप्पर पेटलेले असेल.

रात्री जेवताना मी विषय काढला. “हे गाव आपलं नव्हे. तिथल्या लोकांनी करावं. तूच कशाला?” असे मी म्हणालो. बाप म्हणून जे बोलावयाचे, ते सर्व बोललो. तिने ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, “बाबा, इस्त्रीवाले काका आठवतात?”

आठवत होते. बारा वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या समोरच्या चाळीत एका खोलीत गॅसची नळी पेटली. मी तात्काळ १०१ क्रमांक फिरविला, पत्ता नीट सांगितला, आणि सज्जात येऊन उभा राहिलो. मुलगी शेजारी होती, तेव्हा विशीची. “बाबा, आपण जायचं का?” तिने विचारले. “बंब येतोच आहे,” मी म्हणालो. “आपण शिकल्यासवरल्या माणसांनी उगीच गर्दी करू नये.” बंब गल्लीच्या तोंडाशी, लावून ठेवलेल्या गाड्यांत अडकून पडला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने गोणपाट भिजवून डोक्यावर घेतले, आत शिरला, आणि खोलीतल्या आजीबाईंना बाहेर आणले. त्याचा एक हात चांगलाच भाजला. मी दुसऱ्या दिवशी त्याला भेटून पाचशे रुपये दिले आणि तो विषय संपला, असे समजून चाललो. मुलीच्या लेखी तो संपला नव्हता.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात आगीच्या बंबावरचे ६६ जण मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. मीही कॉलेजात त्या सप्ताहात दोन भाषणे केली आहेत. ते पूर्णवेळचे, पगारी लोक होते. त्यांच्या शौर्याविषयी बोलताना मला कधी अडखळावयास झाले नाही. आता वाटते, ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही अशांच्या शौर्याविषयी बोलणे फार सोपे असते. ‘ते त्यांचे काम आहे’ हे वाक्य आदराचे दिसते. परंतु पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ते माझे काम नव्हे’ एवढाच असतो. त्या लहानशा गावाला हे वाक्य उच्चारण्याची सोय नाही. तेथे ‘ते’ म्हणजे नळवाला, शाळेचा कारकून आणि औषधाच्या दुकानातली बाई. बाकी कोणी येणारच नाही.

मी जूनमध्ये परत आलो. अर्जातला पहिला प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला. मी कोणापासून पाच मिनिटांच्या आत आहे? आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. एके संध्याकाळी घड्याळ पाहत मी जिना चढलो. एक मिनिट दहा सेकंद लागली. अकरा वर्षांत मी तो जिना कधी चढलो नव्हतो. त्यांनी दार उघडले तेव्हा, आपण का आलो हे सांगावयास मजजवळ कारण नव्हते. शेवटी माझा टेलिफोनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या भिंतीवर लावला आणि चहा घेऊन परतलो.

मुलीची निवड झाली. शिक्षणाचे पहिले आठवडे झाले. आता ती पेजर लावते. परवा रविवारी आम्ही बोलत होतो. मी काही तरी लांबण लावले होते. मध्येच पलीकडे एक कर्कश आवाज झाला, “बाबा, ठेवते,” असे तिने म्हटले, आणि सारे बंद झाले. मी घड्याळाकडे पाहिले. पाच मिनिटे किती मोठी असतात, हे मला त्या दिवशी कळले. ती आता रस्त्यावर असेल. आता लाल दार उघडले असेल. आता निघाली असेल. नको, असे मनात आले; आणि लगेच, ज्यांच्या घराकडे ती निघाली होती त्यांची आठवण होऊन, लवकर, असेही आले. दोन्ही एकाच वेळी खरे होते.

पावणेदोन तासांनी निरोप आला. धुराडे पेटले होते. घरात दोन मुले होती. सर्व सुखरूप आहेत. आणि खाली लिहिले होते: “तुम्ही काय सांगत होतात?”

मी काय सांगत होतो, ते मला काही केल्या आठवेना.