अनंताची खूण

चि. बाळ यास,

पत्र पावले. आजोबांच्या आग्फा आयसोलेट कॅमेऱ्याची फोकसची कडी जागची हालत नाही, सबब ती पकडीने फिरवावी काय, अशी तुझी पृच्छा आहे. पकड तूर्त पेटीतच असू दे.

म्युनिकच्या कारखान्यात १९५० च्या सुमारास या घडीच्या कॅमेऱ्यांच्या आट्यांत जे हिरवट ग्रीज भरले जाई, ते कालांतराने लाखेसारखे घट्ट होते, आणि गती सुलभ व्हावी म्हणून ज्याची योजना केली तेच गतीचा अवरोध करू लागते. तुझ्या कॅमेऱ्यातील अपोटार लेन्स तीन भिंगांची; त्यांतील पुढचे भिंग दुसऱ्याच्या कोंदणात आट्यांवर फिरते, आणि त्या दोहोंतील अंतर बदलले म्हणजे जवळची वा दूरची वस्तू रेखीव होते. परंतु दुसऱ्याचे कोंदणही शटरमध्ये आट्यांनीच बसविलेले असल्यामुळे, बळ लावले असता पुष्कळदा पुढचे आटे न सुटता मागचे सुटतात. कडी फिरते, फिरविणाराचे समाधान होते, आणि दोन भिंगांतील अंतर तसूभरही न बदलता ती जोडी मात्र आपल्या मुक्रर स्थानावरून ढळते. अडलेली कडी आपला दोष निदान कबूल तरी करते. अशी फिरणारी कडी तो लपविते.

म्हणून कडीच्या कडेचे तीन बारीक स्क्रू सैल करून ती उतरव, भिंगांची जोडी एकत्रच बाहेर काढ आणि सांध्यावर लायटरच्या पेट्रोलाचे थेंब मुरू दे. तेवढ्याने न भागल्यास, पेट्रोल पूर्ण उडाल्याची खातरजमा करून, मगच केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब दे. हे ग्रीज द्रवापेक्षा उष्णतेस लवकर वश होते. आटे सुटतील ते स्थान खुणेने नोंदवून ठेव, जुने ग्रीज निःशेष पूस, नवे नाममात्र लाव.

खरी परीक्षा यापुढेच आहे. दुसऱ्याचे कोंदण तळापर्यंत घट्ट बसवून, फिल्म जेथे टेकते तेथे दुधी काच, घासलेली बाजू भिंगाकडे करून, ठेव; शटर ‘बी’वर उघडे धरून दूरच्या एखाद्या कळसाकडे रोख, आणि प्रतिमा अत्यंत रेखीव होईपर्यंत पुढचे भिंग फिरव. त्या स्थितीत कडीवरील अनंताची खूण जागेवर आणून स्क्रू आवळ. कडी किती सहज फिरते यावरून कामाचा निवाडा करू नकोस; तो अधिकार त्या दुधी काचेचा आहे.

फिल्म भरण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत भात्यात विजेरी लावून त्याचे कोपरे तपास. प्रकाश झिरपत असल्यास कळव, म्हणजे पुढील तजवीज लिहीन.

तुझा,
काका