त्रिंकोमालीची शेवटची फर्द

सौंसर आणि पांढुर्णा यांच्या दरम्यानच्या ज्या मुलखात माझे बालपण गेले, तेथे पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या जाम नदीहून मोठे पाणी कोणी पाहिलेले नव्हते. आणि तरीही त्या वेळच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर तहसिलीतून महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन, सागरच्या केंद्रात शिकून तयार झालेल्या माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला नोकरीतील सर्वांत अवघड कामगिरी आली ती समुद्रकिनाऱ्यावर, आणि तीही लढून पुढे जाण्याची नव्हे, तर शिस्तीने मागे येण्याची.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे भारताचे पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, आणि त्यान्वये भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ज्या तमिळ वाघांची शस्त्रे केवळ ताब्यात घ्यावयाची होती त्यांच्याशीच ऑक्टोबरात युद्ध जुंपले, आणि दुसऱ्या देशाच्या यादवीत आम्ही तिसरा पक्ष होऊन बसलो. जाफना सुमारे पंधरवड्यात हाती आले. पण ताडाच्या कुंपणांनी वेढलेल्या वाड्यावाड्यांतून आणि खाऱ्या सरोवरांच्या काठाकाठाने चाललेली झुंज मात्र संपली नाही. माझ्याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले व त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या भूमीवर आमचे सुमारे १,२०० जवान कामी आले.

पुढे कोलंबोत राष्ट्राध्यक्ष बदलले. नव्या राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी १ जून १९८९ रोजी आमच्या परतीची जाहीर मागणी केली, आणि सप्टेंबरातील करारनाम्याने परतीचा क्रम ठरला. मी तेव्हा सुभेदार या नात्याने एका मुख्यालयात, हालचालींचे मसुदे सिद्ध करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होतो. कोणती तुकडी, कोणत्या मार्गाने, कोणत्या जहाजावर केव्हा चढेल, याच्या फर्दी लिहिणे हे माझे काम होते.

माघारीचे सारे शास्त्र गुप्ततेवर उभे असते. शत्रूला वाटावे की ठाणे भरलेले आहे आणि प्रत्यक्षात ते रात्रीतून रिकामे झालेले असावे, हा त्या विद्येचा पहिला धडा. परंतु आमच्या माघारीची मुदत दोन्ही सरकारांनी वर्तमानपत्रांतून जाहीर केलेली असल्यामुळे, ज्यांच्यापासून ती लपवावयाची त्यांनाच ती आमच्या जवानांच्या आधी ठाऊक होत असे. मग दिवस लपविता येत नाही तर निदान घटका लपवावी, एवढीच तजवीज उरली. गस्त नेहमीच्या वेळी निघे, चौक्यांतले दिवे नेहमीसारखे जळत, आणि सुरुंगांच्या भयाने पायी तपासून घेतलेल्या रस्त्यावरून गाड्यांचा तांडा निघाल्यावरच गावाला कळे.

आमचा किनारा दुहेरी होता. पुढे जमीन आणि पाठीशी समुद्र, असे नकाशावर दिसे. वस्तुतः मासेमारीच्या होड्यांतून हत्यारे आणि माणसे ने-आण करणाऱ्या प्रतिपक्षाला समुद्र हाच हमरस्ता होता. म्हणून, जेथून आम्ही निघणार होतो त्या त्रिंकोमाली बंदराभोवतीचे कडे दिवसेंदिवस आवळत आणताना पाण्याच्या बाजूचा बंदोबस्त शेवटपर्यंत सैल करता येत नव्हता, आणि तो भार नौदलाने उचलला. ते खोल, सर्व बाजूंनी सुरक्षित बंदर, त्यावरच्या कड्यावरील कोणेश्वराचे देवालय आणि फ्रेडरिक किल्ला यांचे वर्णन करण्याचा मोह होतो; परंतु आमच्या दप्तरात त्या स्थळाची किंमत धक्क्याची लांबी आणि पाण्याची खोली एवढीच होती. पांढुर्ण्याचा संत्रा-बागाईतदार ट्रक भरताना माल कोठे आधी उतरावयाचा याचा विचार करतो. आम्हांस विचार करावा लागे तो किनाऱ्यावर मागे राहणाऱ्यांच्या गरजेचा. अवजड सामान आधी गेले. दारूगोळा, शिधा, औषधे आणि बिनतारी यंत्रे यांची वाटणी अशी करावी लागली, की शेवटच्या पिछाडीला शेवटच्या घटकेपर्यंत लढता यावे. एखाद्या दस्त्याचे नाव सर्वांत शेवटच्या ओळीत लिहिताना हात जड होई, कारण ती ओळ म्हणजे काय हे लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास सारखेच ठाऊक असे.

आणि तरीही त्या फर्दींत एक मोठी उणीव राहिली. आमच्या छत्राखाली ईशान्य प्रांतात जे सरकार स्थापन झाले होते, त्याच्या संरक्षणासाठी १९८९ साली तमिळ तरुणांची फौज उभारण्यात आली होती, आणि त्यांतील कित्येकांना घरातून सक्तीने उचलून आणलेले होते. आम्ही ज्या क्रमाने ठाणी सोडीत गेलो त्याच क्रमाने ही मुले उघडी पडत गेली. त्या सरकारातील पक्षाच्या काही लोकांना कुटुंबांसह भारतात आणून ओरिसात आश्रय देण्यात आला, ही गोष्ट खरी. पण आमच्यासाठी वाट दाखविणारे, दुभाषी, निरोप पोचविणारे, चौकीला भाजीपाला आणून देणारे असे जे सामान्य लोक होते, त्यांच्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता. फौजेच्या खेचराचा हिशेब असतो, ताडपत्रीचा असतो. मग आपल्या भरवशावर गावाचा रोष पत्करणाऱ्या माणसाचा का नसावा?

२४ मार्च १९९० रोजी शेवटची जहाजे त्रिंकोमालीहून सुटली. तीन महिने उलटण्यापूर्वीच, जूनमध्ये, वाघ आणि कोलंबो सरकार यांच्यात युद्ध पुन्हा पेटले, ते मे २००९ मध्ये संपले. माघारीच्या प्रत्येक आराखड्यात स्थानिक आश्रितांची स्वतंत्र यादी असावी आणि तिचा क्रम पिछाडीच्या आधीचा असावा, असा लेखी अभिप्राय मी परतल्यावर वरिष्ठांकडे दिला होता. आजही कोणी विचारले तर मी तोच देईन.