टोचते ते मराठीत

वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ ही विशेषणे आपण कित्येक दशके वाचत आलो. आता तेच मोजमाप मोबाइलच्या पडद्यावरून दिवसभर तरुण मुलींच्या डोळ्यांपुढे येत राहते. आपल्या देहाविषयी मनात जे चित्र तयार होते, त्याला मानसशास्त्रात ‘देहप्रतिमा’ म्हणतात. या चित्राचा आरशातल्या रूपाशी मेळ असतोच असे नाही.

माझी एकोणीस वर्षांची भाची शिक्षणासाठी पुण्यात आमच्याकडे राहत असे. सणाच्या दिवशी पुरणपोळीचा एक तुकडा मोडून ती पानावरून उठे. फोटो काढायची वेळ आली की म्हणे, “मावशी, मी नको, मी काढते.” फोन काढून घेण्याचे तिचे वय नव्हते. तेव्हा त्याच फोनचा काही उपयोग होतो का, हे आम्ही पाहिले.

देहप्रतिमेसाठी तयार केलेल्या एका ॲपमधला सराव साधा आहे. पडद्यावर एकेक विचार येतो. स्वतःला खच्ची करणारा विचार बोटाने वर ढकलून द्यायचा, आधार देणारा खाली, आपल्याकडे ओढून घ्यायचा. इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी रोज सुमारे तीन मिनिटे, सोळा दिवस असा सराव केला, तेव्हा दिसण्याविषयीची त्यांची चिंता कमी झाल्याचे आढळले. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो लहान होता. त्यावरून मोठे दावे करू नयेत. तरीही नको त्या विचाराला ओळखून बाजूला सारण्याची सवय लावता येते, एवढे त्यातून दिसते.

आठवडाभराने भाची म्हणाली, “मावशी, यातली वाक्यं इंग्रजीत आहेत. मला टोचतं ते मराठीत.”

मग आम्ही वही घेतली. एका बाजूला तिने ऐकलेली वाक्ये लिहिली: ‘अंगाने जरा सुटलीसच’, ‘तुझ्या रंगाला हे खुलत नाही’. दुसऱ्या बाजूला देहाने केलेली कामे लिहिली: ‘या पायांनी सिंहगड चढला’, ‘या हातांनी आजारी आजीची वेणी घातली’. देह कसा दिसतो याऐवजी तो काय करतो, हे लिहून काढण्याचा उपाय नेदरलँड्समधील संशोधकांनीही तरुण स्त्रियांसोबत अभ्यासला आहे.

डावीकडची बहुतेक वाक्ये आमच्याच नातेवाइकांची होती. ती कोणतेही ॲप पुसू शकत नाही. म्हणून घरात आम्ही एक शिस्त लावून घेतली: आल्यागेल्याच्या वजनाविषयी, रंगाविषयी बोलायचे नाही, ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकही नाही. भाचीचे आरशाशी पूर्ण सख्य झाले, असे मी म्हणणार नाही. मात्र त्या वर्षी गौरीच्या जेवणाला ती पंगतीत शेवटपर्यंत बसली.

पालकांनी एक मर्यादा ध्यानी ठेवावी. मुलगी सतत जेवण टाळत असेल, खाल्लेले मुद्दाम उलटून काढत असेल, तिची पाळी थांबली असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर ॲपवर विसंबून राहू नये. डॉक्टरांना आणि समुपदेशकांना गाठावे. ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते.