कोयत्याच्या वाटेवरची आई

दसरा उलटला की बालाघाटच्या आमच्या पट्ट्यात रस्ते जागे होतात. धाराशिवहून सोलापूर-धुळे रस्त्याने निघालो, येरमाळ्याला येडाईच्या डोंगराकडे पाहून हात जोडले आणि वाशीमार्गे भूमकडे वळलो. सोयाबीनच्या राशी झाल्या होत्या, शाळू नुकताच उगवून आला होता. पण वस्त्या-वस्त्यांवर मळणीची नव्हे, निघायची घाई होती.

एका फाट्यावर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, कोपीचे बांबू, दोन शेळ्या आणि कोंबड्यांचा खुराडा. वर बायामाणसे. एक तरुण बाई मात्र अजून खालीच होती. कडेवर तान्हे, बोटाला आठ-नऊ वर्षांची पोर. तिने पोरीचे बोट सासूच्या हाती दिले. "आत्याबाई, हिची शाळा बुडू देऊ नगा," एवढेच बोलली आणि मागे न बघता ट्रॉलीत चढली. पोर रडली नाही. तिला सवय झाली असावी, आणि तेच जास्त लागले.

वाचकहो, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव! मुकादम हंगामाआधी उचल देतो. दवाखाना, पोरीचे लग्न, घरावरचे पत्रे, अशा कामांत ती संपते. मग पाच-सहा महिने कारखान्याच्या हद्दीत राबून ती फेडायची. पहाटे अंधारात फडात शिरायचे. पाला काढायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवायच्या. तान्हे तोवर फडाच्या कडेला पाचटावर निजलेले. दिवस चुकला तर 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. म्हणून अंगात ताप असो की पाळी असो, बाई उठतेच.

या खाड्याच्या धाकाची किंमत किती, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने हा प्रश्न तपासला. तेव्हाच्या पाहणीतल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. दुखणे सोसायला सवड नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा! लेकरांच्या भाकरीसाठी आईने आणखी काय द्यावे?

महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. त्या देशात गुलाम आईचे मूल जन्मताच गुलाम ठरे, तसा कायदाच होता. आपल्याकडे तसा कायदा नाही. तरी आईच्या उचलीचे ओझे लेकराच्या दप्तरावर येऊन पडते. ते सोबत गेले तर शाळा सुटते, मागे राहिले तर माय सुटते. चार वर्षे असे झाले की पोर कोयता धरायला तयार होते, आणि पोरगी असेल तर लवकर लग्न लावून नवा कोयता जोडला जातो.

साखळदंडाची गुलामीही फार लांबची नाही. याच धाराशिव जिल्ह्यात 2023 च्या जूनमध्ये पोलिसांनी विहिरीच्या कामावर डांबलेले 11 मजूर सोडवले. ते पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळीने बांधून ठेवत. विहीर आपल्यासारख्याच शेतकऱ्याची असते. आपल्या कामावर कोण राबते, त्याला रोज सुटी होऊन घरी जाता येते का, एवढे तरी आपण पाहायला हवे.

वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा आहे. उचलीपायी माणसाला डांबता येत नाही, दुसरीकडे काम करू नको असे बांधता येत नाही. तसे बांधले असेल, तर त्या वेठबिगारीचे कर्जच कायद्याने संपते. तक्रार तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा पोलिसांकडे करता येते. मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहाची सोय असते. 2021 साली राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर केली. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने हंगाम सुरू होण्याआधीच यादी करून मागणी लावून धरावी. दसऱ्यानंतर धावपळ करून उपयोग नाही. आणि मूल सोबत जाणारच असेल, तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येते.

संध्याकाळी भूमच्या रस्त्याने परतताना त्याच फाट्यावर थांबलो. आजी नातीला घेऊन ओट्यावर बसली होती. पोर पाटीवर काहीतरी गिरवत होती. तिची माय त्या वेळी कुठल्या तरी रस्त्यावर ट्रॉलीत, तान्ह्याला पदराखाली धरून बसली असेल. एवढे सगळे ती सोसते ते या पाटीसाठी. ती पाटी पोरीच्या हातून सुटू न देणे, एवढे तरी गावाच्या हातात आहे.