इतर हक्क

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा. शिरूर
सकाळपासून एजंटचे फोन. तर्डोबाची वाडीच्या बाजूला एक गुंठा. आज मुहूर्तावर टोकन दिलं तर पन्नास हजार कमी. "बाई, दोन वर्षांत दुप्पट." सातबारा मागितला. आले ते ड्रोनचे व्हिडिओ, गाण्यासकट.

२७ ऑक्टोबर
सातबारा मीच महाभूलेखवरून काढला. जिरायत शेतजमीन, एन.ए. नाही. वकील मॅडमना दाखवला. ८ ऑगस्टच्या अधिसूचनेनं आपल्या जिल्ह्यात बागायत १० गुंठे, जिरायत २० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरलंय. त्याखालच्या तुकड्याचं खरेदीखत होत नाही. एजंटकडे तोडगा तयार: वीस जणांनी मिळून वीस गुंठे घ्यायचे. म्हणजे सातबारावर वीस नावं, सामाईक. कुणाचा तुकडा कुठला, ते फक्त फक्कीच्या रेषेला ठाऊक.
नाही म्हणून कळवलं.

३१ ऑक्टोबर
सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शिरूर, दौंड दोन्ही यादीत. यापुढे जागा बघताना आधी पाणी विचारायचं.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
वहीवर बेरीज केली. माझे ६ लाख, भिशीचे धरून. ह्यांच्या पीएफला हात लावायचा नाही. सोनं मोडायचं नाही. लेक बारावीत, तिचं वेगळं ठेवलंय.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज. दौंड
माहेरी जेवण झाल्यावर वडील, अण्णा, म्हणाले, "फंडातले पाच लाख बँकेत नुसते पडलेत. घे. तुझ्या नावावर काहीतरी असू दे." धाकटा भाऊ तिथेच बसला होता. बोलला नाही.
दुपारी गोपाळवाडी रोडला फ्लॅट पाहिले. पहिल्या ठिकाणी फलक मोठा, महारेराचा क्रमांक कुठेच नाही. विचारलं तर "येतोय, प्रोसेसमध्ये आहे." भूखंड पाचशे चौरस मीटरच्या वर आणि सदनिका आठांपेक्षा जास्त असतील तर नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही, विकणं दूरच. या १ ऑगस्टपासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. चहा न घेता निघालो.
दुसरी इमारत पूर्ण झालेली, कागद व्यवस्थित. वन बीएचके २१ लाख. भाडं साडेसहा हजार येईल म्हणाले. वर्षाचे ७८ हजार. पावणेचार टक्केही पडत नाहीत, आणि बँक कर्जाला पावणेनऊ मागते.
अण्णांनी जिना उतरताना विचारलं, "पण इथं भाड्यानं राहणार कोण? रेल्वेवाल्याला क्वार्टर, एसआरपीवाल्याला क्वार्टर." चाळीस वर्षं या गावात काढलेला माणूस. त्यांना विचारूनच निघायला हवं होतं खरं तर सगळ्यांनी.

१८ नोव्हेंबर
राहणार कोण. दिवसभर तेच डोक्यात.

३ डिसेंबर, रविवार. कारेगाव
ह्यांच्या लाइनवरचा एक मुलगा खोली दाखवायला घेऊन गेला. रांजणगाव एमआयडीसीच्या पाळ्या सुटायची वेळ. बसगाड्या, मोटरसायकली, वडापावच्या गाड्यांभोवती गर्दी. नांदेड, लातूर, बीड, यवतमाळ. बोलीवरून कळतं.
त्याची खोली दहा बाय दहा. वर पत्रा. पाच जण. दिवसपाळीचे उठतात, रात्रपाळीचे त्याच गादीवर पडतात. खिडकी नाही. ऑक्टोबरमध्ये इथे दुपारी झोप कशी लागली असेल? त्यानं चहा मागवला. पैसे देऊ दिले नाहीत.
मग गावठाणातलं विकाऊ घर. चार खोल्या, चारही भाड्यानं दिलेल्या, प्रत्येकी ३,६००. खिडकी एकीला. संडास एक, नळ एक. बोअरला पाणी आहे, शेजाऱ्यांकडूनही खात्री केली. मागतात २५ लाख.
कडेच्या खोलीत कुटुंब. बाई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "घर घेतलं की आम्हाला उठवणार का?"

४ डिसेंबर
तिला मी काय उत्तर दिलं? "बघू" म्हणाले. बरं नाही वाटलं ते.

१० डिसेंबर
कारेगावच्या घराचे आकडे. २४ लाखांना दिलं तर: आमचे ११, कर्ज १५, वरचे दोन नोंदणी, मुद्रांक, वकील, थोडी डागडुजी यांना. १५ लाखांचा हप्ता, पावणेनऊ टक्के, वीस वर्षं: १३,२५६. भाडं १४,४००. महिन्याला उरतात ११४४. वर्षात एक खोली एक महिना रिकामी गेली तर वर्षाचे दहा हजार राहतात. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी, मोटार जळाली तर मोटार.
नफा नाहीच म्हणायचा. पण घर स्वतःचा हप्ता स्वतः फेडतं. फ्लॅट ते करत नव्हता.
खरेदी माझ्या नावे केली तर मुद्रांकात एक टक्का सवलत. २४ हजार. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट मे महिन्यात निघाली.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत
शाळेत तिळगूळ. मालक दोघे भाऊ, त्यांच्याकडूनही तिळगूळ आला. २४ लाखांना तयार आहेत.

२२ जानेवारी
कागद आले. ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि ड्रोन मोजणीनंतर मिळालेली मिळकत पत्रिका. गावठाणातल्या घराला पूर्वी एवढाही आधार नसे, बँक दारात उभं करत नसे. पत्रिकेवर दोघा भावांची नावं.
वकील मॅडमनी एकच विचारलं: "बहीण नाही?"

२४ जानेवारी
आहे. शेजारच्या आजींनी सांगितलं, पाटसला दिलीय. भावांना विचारलं तर धाकटा म्हणाला, "ती काही म्हणणार नाही बाई. हक्कसोड आणून देतो. साडी-चोळी केली की झालं."

२५ जानेवारी
मॅडमकडे तासभर. वडील २०१२ ला गेले. मुलगी वर्ग एकची वारस, मुलांइतकीच. वडिलोपार्जितातही २००५ पासून मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क, आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यातली उरलीसुरली शंकाही संपली. महाराष्ट्रानं तर १९९४ लाच कायदा केला होता, फक्त आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. तिची सही नसेल तर बँक कर्ज देणार नाही, आणि दिलं तरी मॅडम घेऊ देणार नाहीत.
सही सक्तीची, हे समजलं. पण सही कशावर?

२६ जानेवारी
झेंडावंदन, लेझीम. मन पाटसला.
मी माझी सही २०११ ला केली. आजोबांची गिरीमची जमीन. राखीच्या दुसऱ्या दिवशी, चहा पिता पिता. कागद वाचायला कुणी दिला नव्हता, मी मागितलाही नव्हता.

४ फेब्रुवारी, रविवार. पाटस
न्हावरे, पारगाव, चौफुला असे गेलो. भीमेच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे ऊस, आणि त्याआधी मैलभर करपलेलं रान.
ताई साठीच्या. मला आधी वाटलं रागावतील. त्यांना घर विकायला काढल्याचंच माहीत नव्हतं. खूप वेळ गप्प. मग चुलीवरचं दूध उतरवलं, हात पुसले.
"किती येतात?"
"चोवीस लाख."
"माझे किती?"
"तीन भाग धरले तर आठ."
त्यांच्या सुनेनं दारातून वळून पाहिलं.
"भावाशी बोलणं तुटलं तर आठ लाखांचं काय करू मी?" आणि थोड्या वेळानं: "हक्कसोड नाही द्यायची. विकणाऱ्यांत माझं नाव घाला. त्यांच्याबरोबर. त्यांच्या खाली असलं तरी चालेल."
निघताना शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या.

५ फेब्रुवारी
मॅडमना सांगितलं. खरेदीखतात "लिहून देणार" तिघं. तीन धनादेश, तीन खाती. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि "हे चांगलं झालं" म्हणाल्या. वकिलीत इतकी वर्षं काढलेल्या बाई.

९ फेब्रुवारी
मोठ्या भावाचा फोन. आवाज चढलेला. "घर घ्यायचं तर घ्या. आमच्या घरात शिरायचं काम नाही." व्यवहार मोडला.

१० फेब्रुवारी
हे म्हणाले, तू बरोबर केलंस. मग दुसऱ्या कुशीवर वळले. रात्रपाळी होती.

२ एप्रिल
रेडी रेकनरचे दर यंदाही तेच ठेवले. दौंड स्टेशन सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं. तेवढ्यावर दौंडचा एजंट: "आता लोकल येणार बाई, फ्लॅट धरून ठेवा." अण्णांना विचारलं. "विभाग बदलला म्हणून गाडी वाढत नाही," म्हणाले.

९ एप्रिल, पाडवा
कारेगावच्या घराला कुणीतरी रोखीवाला गिऱ्हाईक आल्याचं कळलं. श्रीखंड गोड लागलं नाही.

२१ एप्रिल
शिरूर हद्दीतले एन.ए. प्लॉट पाहिले. मंजूर रेखांकन, सनद, रस्ता, सगळं नीट. पण मोकळ्या प्लॉटला भाडं नाही, हप्ता पगारातून जाणार. ज्यांना शक्य आहे त्यांनी घ्यावा. आम्हाला नाही.

१३ मे
मतदान. केंद्रावर ड्यूटी, पहाटेपासून. दौंडचं बारामतीबरोबर ७ तारखेलाच झालं. पाय सुजले.

२८ मे
कारेगावहून फोन. धाकटा भाऊ. रोखीवाल्याच्या वकिलानंही बहिणीची सही मागितली. "बाई, तुम्ही अजून आहात का?"
आहे म्हणाले. अट तीच.

७ जुलै
पाटसच्या ताईंचा फोन. तुकोबांची पालखी पाटसवरून रोटी घाटाकडे गेली. थोरला भाऊ दर्शनाला आला होता, सात वर्षांनी घरी जेवला. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. "पण जाताना म्हणाला, आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेव."

२३ जुलै
अर्थसंकल्प. घर-जमीन विकल्यावर महागाईचा फायदा बंद, सरसकट साडेबारा टक्के. ताईंचा कर वाढेल का? आणि एक: घरभाडं आता "घरमालमत्तेचं उत्पन्न" म्हणूनच दाखवायचं. त्यातली ३० टक्के वजावट आहे तशी आहे.

८ ऑगस्ट
काल सुधारणा झाली. २३ जुलैच्या आधीच्या मालमत्तेला दोन्हींतला कमी असेल तो कर. ताईंना लगेच फोन केला. त्यांना आकड्यांपेक्षा मी फोन केल्याचं जास्त वाटलं.

१२ ऑगस्ट
जाहीर नोटिशीची मुदत संपली. हरकत नाही. तीस वर्षांचा सर्च स्वच्छ. बँकेचा माणूस येऊन मोजून गेला.

१९ ऑगस्ट, राखी. दौंड
धाकट्याला राखी बांधली. तो म्हणाला, "ताई, गिरीमचं आपण एकदा बोलू." कधी, ते बोलला नाही. मी विचारलं नाही. पण विषय त्यानं काढला.

२९ ऑगस्ट
खरेदी झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात ताईंचा अंगठा मशीन घेईना, बोटं कामानं गुळगुळीत झालेली. पुसून, ओलं करून, पुन्हा. थोरल्या भावानं त्यांचा हात धरून दाबला. लागला. सहीही केली त्यांनी, सावकाश, पूर्ण नाव, माहेरचं आडनाव कंसात.
नोंदणी फी २४ हजार. सूची दोन दुपारी हातात. पहिल्यांदा माझं नाव एखाद्या घरावर.
ताईंनी धनादेश पोलक्यात ठेवला.

१ सप्टेंबर. कारेगाव
कडेच्या खोलीतल्या बाईला आधी भेटले. कुणालाही उठवणार नाही, असं सांगितलं. तिनं मान हलवली. विश्वास बसलाय असं दिसलं नाही. बसेल.

८ सप्टेंबर
सगळ्यांशी लिव्ह अँड लायसन्सचा करार, रीतसर नोंदवून. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. पोलीस पडताळणीही. मुलं म्हणाली, इतकी वर्षं कुणी कागद दिला नव्हता; एकाला आधारवरचा पत्ता बदलायचा होता, बँकेचं खातं अडलं होतं त्यामुळे. कागद आपल्या रक्षणासाठी असतो असं मी धरून चालले होते. त्याच्याही आहे.

२२ सप्टेंबर
मिस्त्री. तीन खोल्यांना खिडक्या, तीन बाय चार. मागे बोळ आहे, तिकडून वारा येतो. दुसरा संडास. पत्र्याखाली थर्माकोल नको, आग लागली तर? वेगळं काही सुचवतो म्हणाला. ७८ हजार. मनात धरले होते त्यापेक्षा जास्त.
हे म्हणाले, खिडकी झाली की चार हजार घेता येतील. शेजारचे घेतात. येतीलही. यंदा नाही. दहा बाय दहाच्या अंधारासाठी ३,६०० घेत होतो, हवेसाठी वेगळे मागवत नाहीत.

१२ ऑक्टोबर, दसरा
खिडक्या बसल्या. रात्रपाळीच्या मुलानं आतून पुठ्ठा लावलाय, दिवसा झोपायला उजेड नको. पडदे आणायचे. जाड कापडाचे.

५ नोव्हेंबर
हप्ता आज कापला गेला. खात्यात भाडं दोनच खोल्यांचं. बाकीच्यांचा पगार ठेकेदार १० तारखेला करतो. दर महिन्याला हे असंच होणार.

६ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत बँकेत गेले. हप्त्याची तारीख बदलून मागितली. अर्ज द्या म्हणाले, पुढच्या महिन्यापासून १२ करून देतो.