ब्रिंगीच्या काठावर काठीची पारख

आमचे घर खाडीपासून दहा मिनिटांवर. भरती लागली की मोहल्ल्यातली मुले बांबूच्या काठ्या घेऊन गरवायला निघतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत काश्मीरला जायचे ठरले, तेव्हा नववीतल्या आमच्या मुलाने एकच हट्ट धरला. त्याला ट्राऊट गरवायचा होता, आणि तोही फ्लाय रॉडने. दोन वर्षांच्या ईदीतून साठवलेले साडेचार हजार रुपये त्याने पाकिटात वेगळे ठेवले होते.

श्रीनगरला एका दुकानात त्याला हवी तशी काठी दिसलीही. काळीभोर, चकचकीत, सोनेरी कड्यांची. दुकानदाराने टोक छताला टेकवून ती धनुष्यासारखी वाकवून दाखवली. मुलाचा हात खिशाकडे गेला. आम्ही दोघेही शिक्षक. काठीतले काही कळत नसले तरी चाचणी घेतल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत एवढे कळते. म्हटले, "आधी नदी पाहू, मग पैसे काढ."

पांपोर, अनंतनाग, अच्छाबल करत आम्ही कोकरनागला पोहोचलो. सहा हजार फुटांहून अधिक उंचीवरचे हे गाव झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाणी इतके गार की पायाची बोटे क्षणात बधिर होतात. ट्राऊटला असेच पाणी लागते. हा मासा काश्मीरचा मूळचा नव्हे. १८९९ मध्ये विलायतेहून पाठवलेली त्याची अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, स्कॉटलंडची अंडी सुखरूप पोहोचली आणि तिथून तो इथल्या नद्यांत पसरला. आज कोकरनागला सरकारी ट्राऊट केंद्र आहे आणि जवळूनच ब्रिंगी नदी वाहते. मासे धरायला मत्स्य खात्याचा परवाना लागतो. तो काढला आणि वाट दाखवायला एक वयस्क गृहस्थ बरोबर घेतले. मुलांनी त्यांना लगेच चाचा करून टाकले.

सलाम-दुआ झाली. उर्दू दोन्हीकडची असल्याने बोलणे लगेच जमले. मुलाने दुकानातल्या काठीचे वर्णन केले. चाचा हसले. "बेटा, छताला टेकवून कळते ते छत किती मजबूत आहे. काठीची ओळख दोरीशिवाय होत नाही."

मग त्यांनी गवतावर आमची शाळा भरवली. आपल्या गरीला शिशाचे वजन असते. ते पुढे जाते आणि दोरीला ओढून नेते. इथे गळावर पिसे आणि धागा गुंडाळून केलेली माशी असते. तिला वजनच नाही. म्हणून जड असते ती दोरी, आणि काठी दोरीलाच फेकते. काठीवर जो आकडा लिहिलेला असतो, तो दोरीच्या वजनाचा. पाच नंबरच्या काठीला पाच नंबरची दोरी. इथल्या नदीला नऊ फुटांची पाच नंबरची काठी बरी.

गळाऐवजी दोरीला लोकरीचा गोंडा बांधून त्यांनी काठी मुलाच्या हातात दिली. आधी वीस-पंचवीस फूट. दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबायचे, मगच पुढे. "लांब फेकणारी काठी सगळ्यांना आवडते," चाचा म्हणाले, "पण ट्राऊट बहुतेक वेळा जवळच्या दगडाआड असतो. जवळ अलगद फेकता येते का ते पाहा." काही काठ्या फक्त टोकाला वाकतात, त्या ताठ आणि चपळ. काही मुठीपर्यंत वाकतात, त्या सावकाश आणि मऊ. यात चांगली-वाईट असे नसते, नदी कोणती आणि हात कोणाचा एवढेच पाहायचे. काठी झटकून एकदम थांबवायची. टोक लगेच स्थिर झाले तर ठीक, थरथरत राहिले तर दोरीतही लाटा उठतात.

टिकाऊपणाचा धडा त्यांनी मुलीला दिला, कारण तिच्याकडे कापूस होता. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. तंतू अडकला तर कडीला चीर किंवा खाच आहे असे समजायचे, आणि तीच खाच महागाची दोरी कापते. दोन तुकड्यांचा सांधा घट्ट बसावा. फेकताना टक टक ऐकू आले तर सांधा सैल आहे. कड्या बांधलेल्या धाग्यावरचे वार्निश तडकलेले नसावे. मुठीच्या बुचातली भोके भुशाने बुजवलेली असतील तर ती पुढे झडतात.

"मासा काठी क्वचितच मोडतो," ते म्हणाले. "मोडतो तो गाडीचा दरवाजा." कार्बनच्या काठीला जड माशीचा एक टोला बसला तरी बारीक जखम होते आणि महिन्याने तिथेच ती तुटते. मासा जवळ आल्यावर काठी उभी धरून उचलले तर सगळा भार नाजूक टोकावर येतो. ओली काठी नळीत बंद करून ठेवू नये. आणि वीज चमकत असेल किंवा डोक्यावर तारा असतील तर कार्बनची काठी खालीच ठेवावी, कारण तिच्यातून वीज वाहते.

मग त्यांनी कापडातून वडिलांच्या वेळची काठी काढली. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली. कड्या दोनदा बदललेल्या, धागा कितीदा तरी नवा बांधलेला. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. बांबू तर आपल्याकडचाही!

त्या दुपारी मुलाला एकच ट्राऊट मिळाला, तोही लहान. त्याने तो पाण्यातच सोडून दिला. जोहरची नमाज काठावरच झाली. परत निघताना त्याने पाकीट काढले. ज्या काठीने तो गरवत होता ती चाचांचीच, जुनी पण धडधाकट. "ही मला देता का?"

साडेचार हजार म्हणजे त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती. हंगाम जेमतेम एप्रिल ते सप्टेंबर, आणि त्या आठवड्यातले गिऱ्हाईक आम्हीच. ते क्षणभर गप्प राहिले. मग विचारले, "तुमच्या गावी वापरणार कुठे?"

"खाडीत."

"खारे पाणी, समोरून वारा, आणि मासा ताकदवान?" मुलाने मान हलवली. "मग ही नाही चालणार. पाच नंबरची दोरी वारा परत आणून तुझ्याच तोंडावर टाकेल. तिथे आठ नंबर लागेल, आणि न गंजणाऱ्या कड्या. दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी लागेल. माझी काठी चांगली आहे बेटा, पण तुझ्या कामाची नाही."

पाकीट परत खिशात गेले. परतीच्या वाटेवर श्रीनगरचे ते दुकान पुन्हा लागले. आम्ही मुद्दामच काही बोललो नाही. मुलाने काचेतून एकदा पाहिले आणि पुढे चालू लागला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो आजोबांची बांबूची काठी माळ्यावरून काढून अंगणात बसला. ती डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिले, झटकून टोक किती थरथरते ते पाहिले, मग बहिणीला हाक मारली, "कापूस आण गं!"

"अरे, हिला कड्या कुठे आहेत?" ती म्हणाली.

साडेचार हजार अजून पाकिटातच आहेत. आठ नंबरसाठी आणखी एक ईद लागेल, असे तो म्हणतो.