दारावरची यादी

मी कर्जत भागातल्या एका महाविद्यालयात कारकून आहे. माझे टेबल हिशेब खात्यात, ग्रंथालयात नव्हे. तरी ग्रंथालयाच्या दारावर लावलेली एक यादी गेल्या वर्षापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

खोपोलीहून एक मुलगी लोकलने आली. एम.ए. करणारी, वडील कंत्राटी कामगार. कातकरी कुटुंबांच्या वीटभट्टीवरील मजुरीवर तिला प्रकल्प लिहायचा होता. दारावरच्या यादीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईच्या साप्ताहिकापुढे ‘संगणकावर उपलब्ध’ असे टंकलेले. संगणक मात्र लेख उघडेना. मुलगी कोणाला काही न बोलता निघाली. जिन्यात मला भेटली, “जयभीम काका” म्हणाली, तेव्हा विचारपूस झाली.

“आपल्याला नसेल मिळत ते,” ती म्हणाली.

वाचकहो, हे वाक्य मला झोंबले. दार चुकून बंद राहिले असेल, असे आपल्या मुलांच्या मनातही येत नाही.

मी तिला घेऊन ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. त्यांनी शोध घेतला, आणि चूक माझ्याच टेबलावर निघाली! वर्गणी नूतनीकरणाचे बिल मी मागच्या वर्षाचीच प्रत समजून तीन आठवडे बाजूला ठेवले होते. मी बी.कॉम. झालेला माणूस. पैसे दिले, माल आला, नोंद झाली, एवढेच मला ठाऊक. कागदी अंक आला नाही तर रॅक रिकामा दिसतो, आणि जुने अंक तरी आपलेच राहतात. हे प्रकरण चाळीतल्या भाड्याच्या खोलीसारखे आहे. भाडे थकले की पुष्कळदा जुने अंकही कुलपात जातात.

मॅडमनी मग आपले रडगाणे सांगितले. नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाते, नाव बदलते, पत्ता बदलतो, कळवत कोणी नाही. जेस्टोर या १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संग्रहात जुने अंक असतात, पण पुष्कळ नियतकालिकांचे ताजे तीन ते पाच वर्षांचे नसतात, आणि ही सीमा दरवर्षी पुढे सरकते. त्यात १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना आली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पहिला मान सरकारी संस्थांचा. आमची खाजगी संस्था. पण वर्तमानपत्र वाचून प्राध्यापक रोज विचारतात, “आता सगळे फुकट ना?” प्रत्येक नाव स्वतः उघडून पाहिल्याशिवाय यादी खरी ठरत नाही. आणि ग्रंथपाल एकच! पुस्तके देणे-घेणे, मोजदाद, परीक्षेची पर्यवेक्षणे, सगळे त्यांच्याच माथी.

वर्गणी भरली, आठ दिवसांनी दार उघडले. तोवर त्या मुलीने मुंबईला कालिन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात जाऊन कागदी अंकावरून टिपणे काढली होती. जाण्या-येण्याचा दिवस गेला, शिकवणीचे पैसे बुडाले.

आता यादीत ‘तपासल्याची तारीख’ असा रकाना आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमच्या शेजारी बसतो. त्या उघडतात, मी तारीख घालतो. मागच्या खेपेस दोन नावांवर काट मारावी लागली.

परवा त्या मुलीचा फोन आला. “काका, यादी बघून येऊ, की आधी विचारून?”

“विचारून ये,” मी म्हटले.